डाव्या जबड्याखालचा डाग

बस शेवटच्या थांब्याला लागली की आधी उतरायचा तो फोटोवाल्याचा स्टँड, मग पांढऱ्या पडद्याची गुंडाळी, मग खांद्याची बॅग, आणि या सगळ्याच्या मागून दाराचा दांडा धरत स्वतः फोटोवाला. कंडक्टर दर वेळी तोच विनोद करायचा, "सामान सगळं उतरलं ना? माणूस राहिला नाही ना आत?" आणि फोटोवाला दर वेळी हसायचा. हसायला काय जातं, असं त्याचं म्हणणं होतं.

आठवड्याच्या सहा दिवसांच्या त्याच्या सहा वाटा ठरलेल्या होत्या. एका वाटेवर विटांच्या भट्ट्या, एकीवर दगडाची खाण, एकीवर नुसतीच एकमेकांपासून फटकून बसलेली घरं. शहरातल्या दुकानात बायको बसायची आणि हा फिरतीवर. गेल्या गेल्या एखाद्या भिंतीला पडदा लावायचा, समोर स्टूल मांडायचं, की वस्ती गोळा. शाळेच्या ओळखपत्राचे फोटो, स्थळाला दाखवायचे फोटो, परदेशी निघालेल्यांचे फोटो, रडून लालबुंद झालेल्या बाळांचे फोटो. भट्टीजवळचे एक आजोबा दर वर्षी आपल्या मागे भिंतीवर लावायला म्हणून एक फोटो काढून घ्यायचे आणि दर वर्षी आदल्या वर्षीचा नापास करायचे. "यात मी आजारी दिसतो," म्हणायचे. "हा लावलात तर लोक म्हणतील, बरं झालं, सुटला बिचारा."

पण फोटोवाल्याचं नाव झालं होतं ते पुसण्यासाठी. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसला की तो मुलीच्या गालावरचे पुरळ पुसायचा, आजीच्या हनुवटीवरचा केस पुसायचा, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरची खोक, ओठांवरचा चट्टा, सगळं साफ. कुणी सांगायची गरज नसे. बायको चिडवायची, "देवाच्या चुका दुरुस्त करायचं कंत्राट तुम्हाला कुणी दिलं?" पण गिऱ्हाईक खूश होतं. फोटो हातात पडला की माणूस आधी स्वतःकडे बघायचा, मग फोटोवाल्याकडे, आणि लाजून म्हणायचा, "बरा दिसतो की मी!" हे ऐकायची फोटोवाल्याला चटक लागली होती, खोटं कशाला बोला.

त्याची दुसरी खुबी म्हणजे जागा ठेवणं. या वाटांवरच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी कामासाठी दूर गेलेलं. घरच्यांचा एकत्र फोटो काढायचा तर तो माणूस कुठून आणणार? मग फोटोवाला त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवून बाकीच्यांना उभं करायचा. नुसतं "जागा सोडा" म्हटलं तर माणसं नकळत सरकतात आणि जागा भरते, म्हणून तो तिथे स्टूल ठेवून त्यावर आपली बॅग ठेवायचा. पुढे त्या माणसाचा दुसरीकडे काढलेला एखादा फोटो घेऊन, उजेड जुळवून, त्याला त्या जागी उभा करायचा. चार-चार वर्षं घरी न आलेली माणसं त्याने आईशेजारी उभी केली होती.

आणि तिसरं एक काम होतं, त्याबद्दल तो फारसा बोलत नसे. चौकीतल्या हवालदाराचा निरोप आला की कॅमेरा घेऊन इस्पितळाच्या मागच्या खोलीत जायचं. बेवारस मेलेल्या माणसाचा फोटो काढून द्यायचा. तो चौकीच्या वहीत चिकटवला जायचा, माणूस ठरावीक दिवस बर्फात राहायचा, कुणी आलं नाही तर शहराबाहेरच्या मैदानात नंबर लावून पुरला जायचा. फोटो मात्र वहीत राहायचा.

सुरुवातीला तो असेल तसा फोटो द्यायचा. मग एकदा एक बाई आपल्या बहिणीला शोधत आली, वही उघडली आणि दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो बघून जागच्या जागी कोसळली. त्या दिवसापासून फोटोवाल्याने इथेही पुसायला सुरुवात केली. रक्त पुसायचं, सूज उतरवायची, मार लागलेले निळे-काळे वण घालवायचे, केस नीट करायचे. हवालदार म्हणाला, "वा कलाकार! आता बघवतं तरी." नियमात हे बसतं का, असं दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. फोटोवाल्याला तर वाटायचं की आपण पुण्य करतोय. मेलेल्या माणसाला आपल्याशिवाय कोण आहे, असंही वाटायचं.

त्या गुरुवारी तो शेवटच्या थांब्यावर शिवणवाल्या ताईंकडे गेला, तो फोटो ठरलेलाच होता. ताईंचं घर म्हणजे पुढची एक खोली आणि मागचं स्वयंपाकघर. खिडकीशी शिवणयंत्र, दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे, आणि दोऱ्याचे तुकडे सगळीकडे, उशीवर, चपलांवर, ताईंच्या केसांत. बारीक टीप बघायला यंत्राच्या खणात एक भिंग असायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि धाकटी लेक. थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी कामासाठी शहरांकडे गेला, तो आधी दर आठवड्याला फोन करायचा, मग महिन्याला, आणि आता वर्ष होत आलं, फोन बंदच.

धाकटीचं लग्न ठरलं होतं. म्हणजे ठरून दोनदा पुढे गेलं होतं, कारण ताईंचा हट्ट, भाऊ आल्याशिवाय लग्न नाही. नवऱ्या मुलाकडचे लोक चांगले होते म्हणून थांबले होते, पण चांगल्या माणसांनाही घड्याळ असतं. धाकटी कधी आईला बोलली नाही. फक्त फोटोचा विषय तिनेच काढला होता, "निदान फोटोत तरी आपण तिघं एकत्र असू."

"ताई, थोरल्याला कुठे उभा करायचा?" फोटोवाल्याने पडदा ताणत विचारलं.

"माझ्या उजव्या हाताला. तिथेच उभा राहायचा लहानपणापासून. डावीकडे ही."

फोटोवाल्याने उजवीकडे स्टूल ठेवलं, त्यावर बॅग ठेवली. धाकटी हसायला लागली. "आई, दादा बघ किती ढब्बू झालाय."

"गप गं. दात दिसतात तुझे फोटोत." पण ताईही हसल्या.

"त्याचा फोटो आहे ना एखादा? मला लागेल."

ताईंनी बटणांच्या डब्यातून शाळेचं ओळखपत्र काढलं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, तेल लावून चप्प बसवलेले केस, दोन्ही कान बाहेर. चेहरा धुतल्या ताटासारखा स्वच्छ. "तुम्हीच काढलेला हा. त्यानंतर काढलाच नाही कधी त्याने. म्हणायचा, फोटो काय काढायचा, मी काय पळून चाललोय? आणि भाऊ, हे बघा, आता याच्यातला डाग परत लावून द्यायचा."

"कुठला डाग?"

"बघा, विसरलात! डाव्या जबड्याखाली, इथे. जन्मापासूनचा. शर्टाच्या बटणाएवढा, निळसर काळा. तुम्ही पुसलात तो. मी भांडले नव्हते का तुमच्याशी शाळेच्या फाटकात? माझं पोरच वाटत नाही म्हणाले होते."

फोटोवाल्याला फाटकातलं भांडण पुसटसं आठवलं. तो ओशाळून हसला. "लावून देतो, ताई."

"नक्की लावा. साधा डाग समजू नका तो. त्या डागानं मला वाचवलंय."

आणि मग ताईंनी, केसांतले दोरे काढत, अगदी सहज सांगितलं. थंडी संपता संपता त्या शहरात चौकीत गेल्या होत्या, मुलाची खबर द्यायला. हवालदार म्हणाला, मावशी, आधी ही वही बघून घ्या. पानं उलटता उलटता एका फोटोपाशी त्यांचा हात थांबला. नाक तसंच. कपाळ तसंच. मिशा होत्या, पण मिशा काय, कुणीही ठेवतो. "म्हटलं, संपलं. मग मी डावी बाजू बघितली. फोटो डाव्या अंगानंच काढलेला होता. जबड्याखाली काही नाही. स्वच्छ. हवालदारांना विचारलं, कपडे कसले होते, तर म्हणाले बाजारातले. माझ्या हातचा सदरा असता तर गोष्ट वेगळी. मग म्हटलं, नाही, हा माझा नाही. असेल बिचारा कुणाचा तरी. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसून इतकी रडले, आनंदानं, की शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं."

फोटोवाला लेन्स पुसत होता. ती आधीच पुसलेली होती.

"हायवेवरचा का?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा येईल अशी त्याची खात्री नव्हती.

"हो, गाडीनं उडवलेला म्हणे. तुम्हाला कसं ठाऊक?"

"चौकीत येणं-जाणं असतं. चला, समोर बघा. खांदा थोडा आत, पोरी."

त्याने तीन वेळा बटण दाबलं. पहिले दोन फोटो हलले. असं त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ताईंनी चहा ठेवला होता, तो तसाच सोडून तो निघाला, बस चुकेल म्हणाला. बसला अजून अर्धा तास होता. तो अर्धा तास तो थांब्यावरच्या बाकावर बसून राहिला आणि डाव्या जबड्याखाली स्वतःलाच बोटाने चाचपत राहिला.

कारण त्याला आठवत होतं. चेहरा नव्हता आठवत, चेहरे तो हजारांनी बघायचा. हाताने केलेलं काम आठवत होतं. हायवेवरचा तो पोरगा, उजवी बाजू पार चेचलेली, म्हणून डावीकडून फोटो घेतला. आणि जबड्याखाली निळसर काळा एक वण. मार लागलाय, असं वाटलं. दोन सेकंदांत पुसला.

दुकानात आला तेव्हा बायको दुपारचं कुलूप लावायच्या बेतात होती. तो काही न बोलता कॉम्प्युटरपाशी बसला. मूळ फोटो तो कधी टाकून देत नसे, तेवढी एक शिस्त होती. तारीख शोधली, फोटो उघडला, जबडा मोठा केला. अजून मोठा केला.

माराच्या वणाची कड पसरट असते, पिवळी पडत जाते. याची कड घट्ट होती. आणि त्याच्यातून दोन केस उगवलेले होते, काळे, वळलेले. माराच्या वणाला केस येत नाहीत. पण ते बघायला फोटो एवढा मोठा करावा लागला असता, आणि तेव्हा त्याला घाई होती, की कंटाळा आला होता, की जेवायची वेळ झाली होती. काय होतं ते त्याला आता काही केल्या आठवेना.

"काय झालं?" बायकोने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने ते दोन केस स्वतः बघितले.

"तुम्ही काही मारला नाहीत त्याला," ती म्हणाली.

"नाही."

"आणि ती हसते आहे ना? आशेवर आहे ना? मग राहू दे तिला तशी. तुम्ही जाऊन सांगणार, तिचं पोर मरणार, आणि तुम्ही मोकळे होणार. त्यात तिचं भलं काय आहे ते सांगा मला."

"पोरीचं लग्न अडलंय त्याच्यापायी."

बायको कुलूप हातात घेऊन तशीच बसली.

दुसऱ्या दिवशी तो चौकीत गेला. हवालदाराने ऐकलं, उठून दार लोटून घेतलं आणि पुन्हा खुर्चीत बसला. तो वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्याचा चेहरा खरोखर पडला होता.

"कलाकार, हे कुठे बोलला नाहीत ना?"

"बायकोला फक्त."

"मग तिथेच ठेवा. फाइल बंद झाली. पुरून झाला. आता उकरायचं म्हणजे वरपर्यंत कागद जाणार, आणि पहिला प्रश्न काय? वहीतला फोटो कुणी रंगवला आणि कुणी रंगवू दिला? तुम्ही जाल, मीही जाईन. माझी नोकरी राहिली किती? दीड वर्ष."

"तिने नीट बघितलं होतं. फोटो बरोबर असता तर तिने ओळखला असता."

"असता, असता," हवालदार वैतागून म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नंबर एकशे बारा. मैदानात, पाण्याच्या टाकीच्या अंगाला. तुम्हाला जाऊन यायचं असेल तर या. पण मला विचारू नका."

फोटोवाला गेला. पत्र्याची पाटी, त्यावर नंबर, आजूबाजूला गवत. कॅमेरा खांद्याला होता, पण त्याने तो बाहेर काढला नाही. एकशे अकराची पाटी वाकली होती, ती सरळ करून तो परत आला.

मग तो ताईंच्या फोटोला बसला. बॅग ठेवलेल्या जागी शाळेतला मुलगा आणून उभा केला, खांदे रुंद केले, चेहरा जरा भरवला, वय वाढवलं. हे काम त्याला झोपेतही जमलं असतं. राहिला डाग. डाग काढायचा तर कसा काढायचा? बटणाएवढा, निळसर काळा, एवढंच ताईंनी सांगितलं होतं. त्याने तीनदा काढून बघितला आणि तीनही वेळा तो शाई सांडल्यासारखा दिसला. शेवटी त्याने ते केलं जे असल्या कामात कुणीही करतो. दुसऱ्या फोटोतून उचलून लावला. हायवेवरच्या पोराच्या जबड्याखालून डाग उचलला आणि आईशेजारी उभ्या असलेल्या पोराच्या जबड्याखाली बसवला. रंग जुळला, आकार जुळला, जणू कधी हललाच नव्हता.

डागाबरोबर ते दोन केसही आले. ते त्याला दिसले. पुसायला एक क्षण पुरला असता, आणि आयुष्यभर असे क्षण त्याने एका हाताने उडवले होते. तो माउसवर हात ठेवून बसून राहिला. मग तसाच उठला आणि फोटो छापायला लावला.

गुरुवारी तो शेवटच्या थांब्यावर उतरला, तेव्हा बॅगेत दोन पाकिटं होती. मोठ्यात घरच्यांचा फोटो, लहानात हायवेवरच्या पोराचा, न पुसलेला. पण दोन्ही पाकिटं द्यायचीच असा काही त्याचा निश्चय झाला होता, असं समजू नका. वाटेत त्याचं चारदा ठरलं आणि चारदा मोडलं. कंडक्टरने माणूस विसरला का विचारलं, त्यावर तो पहिल्यांदाच हसला नाही, आणि बिचारा कंडक्टर तोंडात मारल्यासारखा झाला.

ताई एकट्याच होत्या. धाकटी दुकानात काही आणायला गेली होती. फोटोवाल्याने मोठं पाकीट दिलं. ताईंनी हात पदराला पुसले, फोटो बाहेर काढला आणि यंत्रावर उजेडात ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. एवढंच. मग बोटाने मुलाच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. "केवढा दिसतो हो! आता असाच असेल, नाही? आणि डाग. डाग अगदी बरोबर. कानाकडे शेपटी गेलेली आहे ना त्याला, तीसुद्धा."

"हो," फोटोवाला म्हणाला. त्याची नजर दाराकडे होती. असंच उठून जाता आलं असतं. ताई सुखात होत्या.

त्यांनी खणातून भिंग काढलं. सवयच त्यांची, टीप बघितल्याशिवाय कपडा हातावेगळा करायच्या नाहीत. भिंग जबड्यावर धरलं आणि तिथेच थांबलं.

"भाऊ, हे दोन केस."

त्याने बॅग मांडीवर ओढली.

"हे केस त्याला शाळेत नव्हते. मिसरूड फुटल्यावर आले. तो उपटायचा, मी ओरडायचे, उपटू नको, सेप्टिक होईल. शाळेच्या फोटोत हे असायचेच नाहीत. आणि मी तुम्हाला केसांचं सांगितलं नव्हतं."

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि वर बघितलं. आणि फोटोवाल्याने मनात हजार गोष्टींची तयारी केली होती, पण जे बघायला मिळालं त्याची नव्हती. ताईंचा चेहरा उजळला होता.

"भेटला तुम्हाला?" त्या उठून उभ्या राहिल्या. "कुठे भेटला? हा आताचा फोटो आहे ना त्याचा? तरीच म्हटलं इतका कसा मोठा... तुम्ही मला चकित करायला म्हणून... कसा आहे तो? जेवतोखातो ना? फोन का करत नाही गाढव? सांगा ना, भाऊ!"

"ताई, बसा."

"बसते, बसते. तुम्ही सांगा."

"ताई, मी पुसला तो डाग."

"हो, ते शाळेतलं झालं जुनं. आता काय त्याचं."

"शाळेतला नाही. वहीतला." त्याने लहान पाकीट काढलं. ते त्याच्या हातातून सुटेना. "चौकीच्या वहीतले फोटो मीच काढतो. बघवत नाहीत म्हणून मी साफ करतो. मला वाटलं मार लागलाय. मला वाटलं, वण आहे. माझ्या हातून..."

ताईंनी पाकीट घेतलं. फोटो बाहेर काढला आणि घरच्यांच्या फोटोशेजारी ठेवला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईंनी हळूच अंगठा त्या फोटोवर, डाव्या जबड्याखाली, डागावर ठेवला. बघितलं. अंगठा उचलला. बघितलं. परत ठेवला.

"हाच दाखवला होता मला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी म्हणाले, हा माझा नाही. त्याच्या तोंडावर म्हणाले."

"ताई, तुमची काही चूक..."

"तुम्ही बोलू नका."

त्याला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल, कात्री फेकून मारेल. त्याची तशी इच्छाही होती. त्या फक्त खुर्चीत बसल्या आणि यंत्राचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे फिरवत राहिल्या. सुई वर-खाली होत होती, खाली कापड नव्हतं.

"कुठे ठेवलाय त्याला?"

"शहराबाहेरच्या मैदानात. नंबर आहे. एकशे बारा." मग घाईघाईने तो म्हणाला, "मी चौकीत येईन तुमच्याबरोबर, ताई. लिहून देईन, सही करीन. मी पुसला म्हणून ओळख पटली नाही, असं स्पष्ट लिहून देईन. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. ते बघणं त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं.

"तुमचं काय होणार, ते मी विचारलं का?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. धाकटी आली. हातातली पिशवी तिने उंबऱ्यावरच ठेवली, कारण तिला यंत्रावरचा मोठा फोटो दिसला होता. ताईंनी लहान फोटो पालथा करून मांडीवर घेतला.

"आला फोटो? बघू, बघू! आई गं, दादा! खरंच आपल्याबरोबर उभा आहे की. आणि डागसुद्धा!" तिने फोटो दोन्ही हातांनी उचलला. "कमाल केलीत फोटोवाले. आता हा आधी त्यांच्याकडे पाठवते. म्हणते, घ्या, आला माझा भाऊ, काढा तारीख."

"बस तिकडे," ताई म्हणाल्या.

"का गं? काय झालं?"

"फोटोवाल्यांना काही सांगायचंय." ताई फोटोवाल्याकडे वळल्या. आवाज अगदी हलका होता, एखाद्या नवख्या मुलीला टीप कशी घालायची ते सांगावं तसा. "माझ्याच्यानं व्हायचं नाही, तुम्ही सांगा. पण मला सांगितलंत तसं नाही. आधी तुमचा डाग नाही, तुमची चौकी नाही. आधी तो गेला, ते सांगा. मग तुमचं."

धाकटी एकदा आईकडे बघत होती, एकदा त्याच्याकडे. फोटो तिच्या हातात होता आणि चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं. फोटोवाल्याने आयुष्यभर लोकांना समोर बघायला सांगितलं होतं. आता तोच समोर बघू शकत नव्हता. पण ताई थांबल्या होत्या, म्हणून त्याने बघितलं.

"पोरी," तो म्हणाला, "तुझा दादा गेला."